यात काही बदलू नका

रुचिमापन प्रयोगशाळेच्या पडद्यावर त्रेचाळीस ठिपके होते. एकेचाळीस लाल आणि दोन हिरवे. डॉ. सुनंदा काळमेघ पडद्यासमोर उभ्या होत्या आणि त्यांचा तरुण सहकारी प्रणय वासनिक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"मी तीनदा तपासलं," तो म्हणाला. "चूक नाही."

नागपुरात हॉटेल काढण्याची रीत आता बदलली होती. अन्नवास्तू नावाच्या कंपनीने वस्तीवस्तीत संकुलं बांधली होती. गाळ्यात चुली, भांडी, टेबलं सगळं तयार. स्वयंपाक तेवढा तुमचा. उद्घाटनाच्या संध्याकाळी जेवणाऱ्या चाळीस जणांच्या हातात लाळवेधी चमचे दिले जात. घास तोंडात गेला की चमचा लाळेतले बदल टिपायचा आणि पदार्थ किती आवडला याचा शून्य ते शंभरात रुचिअंक द्यायचा. तोंडाने कोणी वा वा म्हणो की नाक मुरडो, चमच्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. सगळ्यांचे अंक मिळून 'कौल' नावाची गणनप्रणाली सांगायची, की हे हॉटेल किती वर्षं तगेल. कौल अनुकूल आला तर गाळा कायम, नाहीतर नव्वद दिवसांत रिकामा. ही प्रणाली सुनंदाबाईंनीच उभी केली होती आणि त्यांना तिचा अभिमान होता, थोडा जास्तच.

फक्त काही हॉटेलं अनुकूल कौल मिळूनही वर्षभरात बंद पडत. प्रणालीतलं ते भोक शोधायचं काम त्यांनी प्रणयला दिलं होतं, आणि ते त्याला सापडलं होतं.

"बंद पडलेल्या या एकेचाळीस ठिकाणी पहिल्या संध्याकाळी तीच तीन माणसं जेवायला होती," प्रणय म्हणाला. "नावं आपण ठेवत नाही, नुसते क्रमांक असतात. पण लाळेची घडण प्रत्येकाची वेगळी, म्हणून माणसं तीच आहेत हे कळतं. तिघांनाही जेवण प्रचंड आवडलं होतं. प्रत्येकाचा अंक नव्वदच्या वर."

"योगायोग असेल."

"त्रेचाळीसपैकी एकेचाळीस वेळा? योगायोग कुठे संपतो ते तुम्हीच शिकवलंत मला."

सुनंदाबाईंनी मान हलवली. "कारण सांग."

"जीभ. कडू, तुरट, जळकट, हिंगाचं, मोहरी चढलेलं, हे सगळं बहुतेकांना चिमूटभर चालतं. या तिघांना त्यातच सुख वाटतं. अशी माणसं लाखात दोन-चार. त्यांना जे मनापासून आवडतं ते बाकीच्या गावाला नवलाईपुरतं चालतं, पुढे आवडत नाही, एवढंच. मी त्यांना अपयशसूचक ग्राहक म्हणतोय."

"लाखात दोन-चार, आणि त्यातले तिघं एकाच टेबलावर?"

"आवडी जुळल्या म्हणूनच मैत्री झाली असेल, मॅडम."

"आणि हे दोन हिरवे?"

"तिथे तिघांचीही ताटं अर्धी परत गेली. अंक वीसच्या खाली. त्यातलं एक हॉटेल आठ वर्षं चालू आहे, बाहेर रोज रांग असते. म्हणजे त्यांना आवडलं नाही, तर हॉटेल चाललंच समजा. खरं सांगू? आपल्याकडच्या सगळ्या मोजमापांत या तीन जिभांइतकं अचूक काहीच नाही. फक्त उलटं वाचावं लागतं."

एका हिरव्या ठिपक्याशेजारी चौदा डिसेंबर अशी तारीख होती. तो त्यांच्या मैत्रिणीचा, छायाचा वाढदिवस. त्या संध्याकाळी समोर आलेल्या गोड पुलावाला त्यांचा मित्र विनायक 'लग्नातला उरलेला शिरा' म्हणाला होता आणि हसता हसता सुनंदाबाईंना ठसका लागला होता.

"ती तीन माणसं माझ्या ओळखीची आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातली एक मी."

सुनंदा काळमेघ, छाया बोकारे आणि विनायक मोहरील प्रतापनगरात शेजारी राहत. सव्वीस वर्षांपासून त्यांचा एक नेम होता. वस्तीत नवं हॉटेल उघडलं की पहिल्याच संध्याकाळी तिघांनी जायचं. यादी बघायची नाही. मालकाला बोलवायचं आणि विनायकने म्हणायचं, "तुम्हाला स्वतःला काय आवडतं, ते आणा." मालक आधी गोंधळायचा, मग त्याचा चेहरा खुलायचा. घरचा, आईच्या हातचा, कधी लाजत लाजत केलेला पदार्थ समोर यायचा. आवडला की उठताना सुनंदाबाई मालकाचा हात हातात घेऊन सांगायच्या, "यात काही बदलू नका." लोकांच्या आनंदात आपण भर घालतो, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"ते वाक्य मी ऐकलंय," प्रणय हळूच म्हणाला. "बंद पडलेल्या मालकांच्या मुलाखती घेतल्या ना, त्यात. सातव्या-आठव्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा माणूस पदार्थ बदलतो. यांनी बदलले नाहीत. एक जण म्हणाला, जाणकार माणसं पहिल्याच दिवशी सांगून गेली होती."

सुनंदाबाई खाली बसल्या. आकड्यांनी त्यांना आजवर कधी रडवलं नव्हतं. आज डोळे भरून आले आणि त्यांनी ते प्रणयसमोरच पुसले.

"तुमचे तीन क्रमांक वगळता येतील," तो म्हणाला. "नऊ तारखेला तुमच्या मुलीच्या, मुक्ताताईंच्या हॉटेलचं उद्घाटन आहे ना?"

"वगळून काय होईल? कौल खोटा बोलेल, हॉटेल पडायचं ते पडेलच. तू आमचे अंक उलटे वाचायची सुधारणा लिही. उद्यापासून लागू कर. मी सही करते."

"मग तुम्ही तिघं जाऊच नका."

"त्यानेही काही होत नाही, तूच आत्ता सांगितलंस. आमच्या जाण्याने हॉटेल बुडत नाही. आम्हाला आवडेल असं तिथे शिजतं म्हणून बुडतं. आणि मुक्ताने तिचा एकूण एक पदार्थ मला घरी खाऊ घातलाय, प्रणय. मी ताट चाटूनपुसून खाल्लंय."

संध्याकाळी त्या छायाच्या अंगणात झोपाळ्यावर बसल्या आणि दोघा मित्रांना सगळं सांगितलं. विनायक निवृत्त बँक अधिकारी, स्वभावाने हौशी. त्याने आधी ते थट्टेवारी नेलं.

"मी अक्कलकारा चघळून येतो ना. जीभ बधिर. मग लाव म्हणा चमचा."

"बधिर जीभ चमच्याला कळते. मापन रद्द होतं."

"मग घरून पोटभर जेवून येतो!"

"भूक आणि आवड चमचा वेगळी मोजतो, विनायक."

"अरे बाप्पा. काय चमचा करून ठेवलास तू!" तो म्हणाला, पण आवाजातली मजा गेली होती. मग तो बोटं मोडत नावं आठवू लागला. अंबाडीची भाजी करणारा तो हसरा मुलगा. जवसाच्या चटणीवर कच्चं तेल घालणाऱ्या दोन बहिणी. कडुनिंबाच्या फुलांची कढी. "त्या बहिणींना मी दोनदा सांगितलं होतं गं, कोणाचं ऐकू नका म्हणून."

छायाने पायाने झोपाळा थांबवला. लग्नानंतर तीन महिन्यांत तिचे सासरे गेले, आणि पुढची दहा वर्षं तिच्या सासूने तिला येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर पांढऱ्या पायाची म्हटलं होतं. तेव्हा तरुण सुनंदा त्या घरात शिरली होती आणि सासूबाईंना म्हणाली होती, पायाचा आणि मरणाचा संबंध मला कागदावर दाखवा.

"तेव्हा तू भांडायला आली होतीस," छाया म्हणाली. "आणि आता तूच कागद घेऊन आलीस."

"हे तसं नाही, छाया. यात कार्यकारण आहे. जीभ..."

"माहीत आहे मला, तू समजावूनच सांगून राहिलीस. पण ऐकायला तसंच लागतं ना." तिने डोळ्याला पदर लावला. "जाऊ दे. पोरीला सांग. आपल्यापायी तिचं नको बुडायला."

मुक्ता सात वर्षं दुसऱ्यांच्या भटारखान्यात राबली होती. हात भाजले, रजा बुडाल्या, ठरत आलेलं एक लग्नही त्यात राहून गेलं. 'पहिला घास' हे हॉटेलचं नाव तिने विशीतच ठरवून ठेवलं होतं. गोळाभात, अंबाडी, कारल्याचं पंचामृत, जवसाची चटणी. दहा वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून आईजवळ ती जे शिकली, तेच तिला लोकांना वाढायचं होतं.

सुनंदाबाईंनी फोनवर तिला सगळं सांगितलं.

"आई," मुक्ता म्हणाली, "माझ्या हातचं तुला आवडलं नाही, असं कधी झालंय?"

"नाही."

"एकदाही?"

खोटं बोलावंसं सुनंदाबाईंना फार वाटलं. "एकदाही नाही, बेटा."

"हं. तुझ्याकडे घरी एक लाळवेधी चमचा असतो ना? तो पाठव मला. आठ दिवस आहेत अजून."

"पाठवते. पण मी नऊ तारखेला येत नाही. काहीतरी कारण सांग लोकांना."

"येत नाही म्हणजे? यायचंच. तिघांनीही. छायामावशीला सांग, ती नाही आली तर मी घरी येऊन तिला उचलून नेईन. मला तुम्ही हवे आहात तिथे, आई. तुमच्याशिवाय होणार नाही."

सुनंदाबाईंनी ते लेकीचं प्रेम समजून मनात जपलं. ते प्रेम होतंच, पण तेवढंच नव्हतं.

नऊ तारखेला संध्याकाळी सात वाजता 'पहिला घास'च्या दारात झेंडूचं तोरण होतं आणि आत चाळीस माणसं. भिंतीवर कौलाचा पडदा अजून कोरा होता. मुक्ता पांढऱ्या अंगरख्यात या टेबलावरून त्या टेबलाकडे जात होती. तिचे डोळे सुजलेले होते, झोप झाली नसावी. तिने तिघांना मधल्या टेबलावर बसवलं, छायामावशीच्या पाया पडली आणि आत गेली. प्रणय कोपऱ्यातल्या टेबलावर होता. त्याने लांबूनच मान झुकवली.

विनायकने आपला चमचा रुमालाने दोनदा पुसला.

सुनंदाबाईंना भीती वाटत होती, स्वच्छ भीती. आयुष्यात पहिल्यांदाच त्या जेवायला बसताना प्रार्थना करत होत्या, की आपल्याला हे आवडू नये. आणि आवडणार हे त्यांना ठाऊक होतं. लेकीच्या हातचं होतं ते. तोंडावर ताबा ठेवता येतो, लाळेवर नाही. आपल्याच तोंडातलं पाणी आपल्याच पोरीचा घात करणार होतं.

ताट आलं. मधोमध गोळाभात. पण त्यावर तडतडत्या हिंगमोहरीचं तेल नव्हतं. काजूची पांढरी दाट ग्रेव्ही होती, वर साय, केशराच्या दोन काड्या आणि बेदाणे. डाळीचा भरड, तिखट गोळा मऊ करून त्यात पनीर मिसळलेलं. शेजारी अंबाडीच्या जागी मक्याचं गोडसर भरीत.

सुनंदाबाईंनी घास घेतला. मग दुसरा, नीट चावून. जिभेवर सगळं गुळगुळीत पसरत गेलं आणि कुठेच थांबलं नाही. चमच्याच्या दांड्यावर आकडा उमटला: अकरा.

त्यांनी छायाच्या चमच्याकडे पाहिलं. नऊ. विनायकचा चौदा.

क्षणभर त्यांना नुसता आनंद झाला, इतका की ओरडावंसं वाटलं. वाचली पोरगी! आजूबाजूच्या टेबलांवर माणसं मान डोलावत खात होती, कुणी फोटो काढत होतं, एक आजोबा बोटं चाटत होते. छायाने टेबलाखाली त्यांचा हात घट्ट धरला.

"बेकार आहे ना?" विनायक कुजबुजला. त्याचे डोळे चमकत होते. "एकदम बेकार! काय गोड करून ठेवलंय! जिंकलो आपण!"

तिघंही तोंड दाबून हसले. सव्वीस वर्षांत एखाद्या वाईट जेवणावर ते इतके खूश झाले नव्हते. सुनंदाबाईंनी तिसरा घास तोंडात घातला आणि तो गिळता गिळता त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. हे सगळं चुकून झालेलं नव्हतं. कुणीतरी एकेक गोष्ट नेमकी शोधून काढून टाकली होती: हिंग, मोहरी, करपलेली मिरची, कच्चं तेल. अंदाजाने इतकं नेमकं जमत नाही. उद्या हीच युक्ती इतरांना कळेल, अन्नवास्तू आपल्या तिघांना प्रत्येक गाळ्यात चाखायला बोलावेल, आणि आपल्याला जे आवडलं ते आधीच वगळलं जाईल. मग या शहरात नव्याने जे शिजेल, त्यात आपल्यासाठी काही असणार नाही. हे त्यांच्या शास्त्राला धरूनच होतं. त्यांनीच त्यावर सही केली होती.

मुक्ता टेबलापाशी आली. तिने आधी तिन्ही चमच्यांवरचे आकडे पाहिले आणि सुटकेचा श्वास टाकला.

विनायकच्या तोंडून सव्वीस वर्षांच्या सवयीने वाक्य निघून गेलं. "मालकीणबाई, हे झालं. आता तुम्हाला स्वतःला काय आवडतं, ते आणा."

मुक्ता हसली, पण ते हसू फार टिकलं नाही.

"काका, ते इथे मिळत नाही."

तिने खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसली.

"मला वाटलं, तू तो चमचा वस्तीतल्या लोकांवर वापरशील," सुनंदाबाई म्हणाल्या.

"आठ दिवसांत लोक कुठून आणू? आणि गरजही नव्हती." मुक्ता खालच्या आवाजात बोलत होती. "स्टुलावर उभी राहून तुझ्याच कढईतलं चाखत वाढले मी. पहिल्या दिवशी गोळाभात केला आणि चमचा तोंडात घातला. चौऱ्याण्णव. तेव्हाच कळलं, माझी जीभही तुमच्यातलीच. मग सोपं झालं. साठेक पदार्थ केले. माझा अंक वीसच्या वर गेला, की तो पदार्थ बाद. खाली आला, की ठेवला. तुम्हाला बोलावलं ते खात्री करायला. माझी एकटीची जीभ चुकली असती तर?"

"म्हणजे तुला यातलं काहीच..."

"काहीच नाही." तिने ताटातल्या सायीकडे पाहिलं. "हा गोळाभात करताना मला मळमळतं, आई. सवय होईल म्हणा."

"मुक्ता, बेटा, असं नको करूस." सुनंदाबाईंचा आवाज फुटला. "जुनंच ठेव. नव्वद दिवस तर नव्वद दिवस."

"आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी? पुन्हा दुसऱ्याच्या भटारखान्यात दुसऱ्याला आवडतं ते करायचं. इथे निदान पाटी माझी आहे."

छायाने मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

तेवढ्यात भिंतीवरचा पडदा उजळला. सगळ्यांनी माना वळवल्या. कौलाने हिरव्या अक्षरांत आयुर्मान दाखवलं: एकोणीस वर्षं. प्रतापनगरात इतका मोठा आकडा कुणाला मिळाला नव्हता. टाळ्या झाल्या. ते बोटं चाटणारे आजोबा उठून उभे राहिले आणि मालकीण कोण म्हणून विचारू लागले. प्रणय टाळ्या वाजवत नव्हता. त्याने पडद्यावरचा आकडा पाहिला, मधल्या टेबलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मुक्ता उठली, अंगरखा नीट केला. सगळ्यांकडे बघून तिने हात जोडले. मग ती वळली.

"आई, म्हण ना."

"काय?"

"सगळ्यांना म्हणतेस ते. जाताना." तिने हात पुढे केला होता. "लहानपणापासून मी वाट बघतेय, माझ्या हॉटेलात तू ते म्हणशील म्हणून."

सुनंदाबाईंनी लेकीचा हात हातात घेतला. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. एकेचाळीस माणसांना त्यांनी ते वाक्य मनापासून सांगितलं होतं आणि एकेचाळीस चुली विझल्या होत्या. आज ते पहिल्यांदाच खरं ठरणार होतं, एकोणीस वर्षं.

"यात काही बदलू नकोस," त्या म्हणाल्या.

मुक्ताने मान डोलावली. मग तिने तिघांची अर्धी उरलेली ताटं एकावर एक रचली आणि ती घेऊन आत गेली.